हाय डोसच्या लिव्हरमध्ये फरक दिसतो आणि पुढच्या स्टडीत गायब होतो, कुठे चुकतंय?

प्रॉब्लेम आधी सांगते, कारण हा एकदा नाही तर तीनदा झालाय आणि तिन्ही वेळा आम्ही सारखेच फसलोय. रॅटवरची स्टडी, म्हणजे एखादं कंपाउंड वेगवेगळ्या डोसमध्ये देऊन अवयवांना काय होतं ते बघायचं, कंट्रोल (ज्यांना कंपाउंड देत नाही ते), लो, मिड आणि हाय असे चार ग्रुप, प्रत्येकात सहा नर, शेवटच्या दिवशी नेक्रॉप्सी (प्राणी मारून, उघडून अवयव काढणं), मग टिश्यू पॅराफिनच्या मेणात बसवून ब्लॉक, त्याचे पातळ काप म्हणजे सेक्शन, एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) स्टेन, सगळं नेहमीसारखं. आणि स्लाइड हातात आल्या की हाय डोसच्या लिव्हरमध्ये काहीतरी वेगळं दिसतं. फार मोठं नाही, पण डोळेझाक करता येईल इतकं बारीकही नाही. पेशी लहान, दाट, गुलाबी, कंट्रोलच्या लिव्हरमध्ये असतात तशा फिकट नाहीत. सोबत किडनीच्या ट्यूब्यूल (बारीक नळ्या) जरा फुगलेल्या, आतड्याच्या व्हिलायवरचा (बोटांसारख्या उंचवट्यांवरचा) पेशींचा थर सुटलेला. रिपोर्टात 'मिनिमल ते माइल्ड' असं लिहिलं जातं, गाईड खूश, कंपाउंडचा इफेक्ट सापडला! मग कोणीतरी तीच स्टडी परत करायला लावतं आणि फरक गायब. आमच्याकडे तर एकदा तो उलटा आला, म्हणजे या वेळी कंट्रोलच्या पेशी दाट आणि हाय डोसच्या फिकट.

पहिल्यांदा आम्ही स्टेनला शिव्या घातल्या. हिमॅटॉक्सिलिन गाळून घेतलं, इओसिन नवीन बनवलं, सेक्शनची जाडी ५ मायक्रॉनवरून ४ वर आणली, सगळे ब्लॉक परत कापले, आठवडा गेला. फरक जिथल्या तिथे. खरं तर तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की चारही ग्रुपच्या स्लाइड एकाच रॅकमधून एकाच वेळी स्टेन झाल्यात, मग स्टेन फक्त हाय डोसवर कसा रुसेल.

उत्तर सापडलं ते जवळजवळ अपघातानेच. मी ट्रेमधल्या स्लाइड पुसून परत लावत होते, ग्रुपप्रमाणे लावायच्या होत्या पण हातात नेक्रॉप्सीचं रजिस्टर होतं म्हणून मी प्राणी ज्या क्रमाने उघडले त्या क्रमाने लावत गेले. लिव्हरच्या चोवीस स्लाइड, पहिली सकाळी नऊची, शेवटची साडेचारची. मग सहज म्हणून लो पॉवरवर एकेक बघत गेले. नऊची लिव्हर फिकट, दहाची फिकट, साडेअकराची जरा कमी, दीडची अजून कमी, साडेचारची दाट गुलाबी. पायऱ्या उतरत जावं तसं! मधे कुठेही 'इथे कंट्रोल संपला, इथे लो डोस सुरू झाला' अशी उडी नाही. आणि आम्ही नेक्रॉप्सी कशी केली होती? कंट्रोल आधी, मग लो, मग मिड, मग हाय. म्हणजे ज्याला आम्ही डोस समजत होतो ते घड्याळ होतं. फरक उलटा आला होता त्या स्टडीचं रजिस्टर काढलं तर तिथे कोणीतरी 'हाय डोसचे आधी उरकून घेऊ' म्हणून उलटीकडून सुरुवात केलेली. झालं.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण कारण कळलं की तपासायचं काय ते आपोआप कळतं. रॅट रात्री खातो. दिवे बंद झाले की खायला लागतो आणि पहाटेपर्यंत त्याची लिव्हर ग्लायकोजेनने (साखरेच्या साठ्याने) गच्च भरते, मग दिवसभर झोपतो, खाणं नावापुरतं, आणि दुपार उलटून संध्याकाळ होईपर्यंत तो साठा उतरत जातो. सकाळच्या हिपॅटोसाइट (लिव्हरच्या पेशी) मोठ्या दिसतात, साइटोप्लाझम विरळ, पिंजलेल्या कापसासारखं, न्यूक्लियस मधोमध. प्रोसेसिंगमध्ये ग्लायकोजेन बरंचसं धुऊन जातं आणि त्याची रिकामी जागा आपल्याला दिसते. संध्याकाळच्या पेशीत धुऊन जायला काही उरलेलंच नसतं, म्हणून ती आवळलेली, दाट. यात विषारीपणा कुठेच नाही, जेवणाची वेळ आहे फक्त. आम्ही प्राणी उपाशी ठेवले नव्हते, पण उपाशी ठेवले तरी हा घोळ सुटत नाही हे लक्षात घ्या, कारण सगळ्यांचं खाणं आदल्या संध्याकाळी सहाला काढलं तर पहिला प्राणी पंधरा तास उपाशी असतो आणि शेवटचा साडेबावीस तास.

आता तुमच्याकडे असाच फरक दिसत असेल तर पहिलं काम हेच करा, स्लाइड ग्रुपप्रमाणे नाही तर मरणाच्या वेळेप्रमाणे लावा. दहा मिनिटांचं काम आहे. फरक घड्याळाबरोबर सरकत असेल तर तो बहुतेक तुमचा आहे, कंपाउंडचा नाही. यासाठी रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली हवी, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त तारीख लिहिलेली असते, तिथे मग काही इलाज नाही.

दुसरं, पीएएस स्टेन (ग्लायकोजेन मजेंटा दाखवणारा) करा, डायस्टेजसह (ग्लायकोजेन पचवणारं एन्झाइम) आणि डायस्टेजशिवाय. डायस्टेजने मजेंटा रंग गेला तर ते ग्लायकोजेन. फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू टिकवायचं द्रावण, म्हणजे फिक्सेटिव्ह) ग्लायकोजेन पेशीच्या एका बाजूला ढकलल्यासारखं दिसतं, त्याला घाबरू नका, फिक्सेटिव्ह ज्या बाजूने आत शिरलं त्याची ती खूण. गोल, कडा एकदम स्वच्छ असलेली भोकं दिसत असतील तर ती चरबी असू शकते, पण ते पॅराफिन सेक्शनवर सिद्ध करता येणार नाही कारण झायलीनमध्ये चरबी विरघळून गेलेली असते, त्यासाठी बरणीत उरलेल्या ओल्या टिश्यूचे फ्रोझन सेक्शन काढून ऑइल रेड ओ हा चरबीचा स्टेन करावा लागतो. म्हणून रिपोर्टवर सही होईपर्यंत ओल्या टिश्यूच्या बरण्या कोणालाही टाकू देऊ नका, जागा अडते म्हणून कितीही भुणभुण झाली तरी.

तिसरं, त्याच प्राण्यांचं वजन, खाल्लेलं खाद्य, लिव्हरचं वजन, रक्तातली लिव्हरची एन्झाइम एएलटी-एएसटी हे सगळं शेजारी ठेवून बघा. हाय डोसचे प्राणी खरंच कमी खात असतील तर ग्लायकोजेन खरंच कमी असू शकतं, पण मग तो लिव्हरवरचा थेट इफेक्ट नाही, भूक मेल्याचा परिणाम आहे, आणि रिपोर्टात तसंच लिहायला हवं. आणि स्लाइड सगळ्यांच्या एकाच लोबच्या आहेत ना तेही बघा, आमच्याकडे एकदा अर्ध्या ग्रुपचा लेफ्ट लॅटरल लोब आणि उरलेल्यांचा हाताला लागेल तो लोब घेतला होता. ऑर्गन कुठून आणि कसा कापायचा याच्या रॅट-माईससाठी छापील गाइड आहेत, रिटा (RITA) या टॉक्सिकॉलॉजी गटाच्या, २००३-०४ मध्ये सुधारून आलेल्या, त्यातलं चित्र ग्रॉसिंगच्या (अवयव कापून तुकडे घ्यायच्या) टेबलसमोर भिंतीला चिकटवून टाका.

पुढच्या स्टडीसाठी उपाय सोपा आहे. नेक्रॉप्सी ग्रुपवार करायचीच नाही. एक कंट्रोल, एक लो, एक मिड, एक हाय, मग पुढची फेरी लोपासून, त्याच्या पुढची मिडपासून, असं फिरवत जायचं. सुरुवातीला पिंजरे शोधायला वेळ लागतो, लेबल चुकायची भीती वाटते, टीम कुरकुर करते, पण चारपाच फेऱ्यांत हात बसतो. कॅसेटवर (टिश्यूचा तुकडा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीवर) पेन्सिलनेच नंबर लिहा, साध्या मार्करची शाई अल्कोहोल-झायलीनमध्ये जाते आणि फिरत्या क्रमात नंबर गेला तर मग देवच वाचवो.

किडनी आणि आतड्याचं काय झालं?

लिव्हरचं घड्याळाने झालं, पण ट्यूब्यूल फुगणं आणि व्हिलाय सोलवटणं याचं कारण वेगळं निघालं, आणि तेही आमचंच. दुपार झाली की सगळ्यांना घाई. सकाळी एकेक प्राणी मारण्यासाठी सीओटूमध्ये जायचा आणि लगेच उघडला जायचा, दुपारी वेळ वाचवायला म्हणून चार-चार एकदम. उघडणारे हात दोनच. म्हणजे चौथा रॅट टेबलावर येईपर्यंत तासभर गरम अंगाने पडून. तेवढ्यात आतड्याचं अस्तर, पॅन्क्रियाज, किडनीच्या ट्यूब्यूल, अॅड्रिनलचा मेड्युला हे स्वतःच्याच एन्झाइमने खराब व्हायला लागतात. त्याला ऑटोलिसिस म्हणतात आणि वरवर बघितलं तर ते थेट नेक्रोसिससारखं (जिवंतपणीच पेशी मरण्यासारखं) दिसतं.

दोन्हींतला फरक ओळखायला मी तीन गोष्टी बघते. एक, खराबी सगळीकडे सारखी पसरलीय की ठरावीक झोनमध्ये आहे. खऱ्या नेक्रोसिसला आवडती जागा असते, लिव्हरमध्ये सेंट्रल व्हेनभोवती, किडनीत ट्यूब्यूलचा ठरावीक भाग, आणि शेजारची पेशी ठणठणीत असते. ऑटोलिसिस सरसकट. दोन, शेजारी इन्फ्लमेशनच्या पेशी आल्यात का. मेलेल्या प्राण्यात कोणी धावून येत नाही. अर्थात अगदी ताज्या नेक्रोसिसमध्येही त्या नसतात, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीवर निकाल देऊ नका. तीन, रक्तवाहिनीतल्या लाल पेशी बघा, त्यासुद्धा फिकट सावल्यांसारख्या झाल्या असतील तर अख्खा तुकडाच उशिरा फिक्स झालाय.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. सेक्शनच्या कडेपासून मध्यापर्यंत स्लाइड हळूहळू सरकवत जा. कड सुरेख, न्यूक्लियस रेखीव, आणि आत जाल तसं सगळं धूसर होत जात असेल तर प्राणी वेळेवर उघडलाय पण फॉर्मॅलिन आत पोचलं नाही. तुकडा जाड ठेवलाय किंवा बरणी लहान पडलीय. फॉर्मॅलिन सुरुवातीला ढोबळमानाने तासाला १ मिलिमीटर शिरतं आणि पुढे अजून मंदावतं, त्यामुळे तुकडा ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि फॉर्मॅलिन टिश्यूच्या किमान दहापट, जमलं तर वीसपट. एका बरणीत सगळे ऑर्गन कोंबून वरून झाकण दाबायचं हा प्रकार मी स्वतः केलाय म्हणून सांगते, खालच्या लिव्हरचा बरणीच्या तळाला चिकटलेला भाग अक्षरशः कच्चा राहिला होता.

काळे ठिपके

हाही दर दोन-तीन महिन्यांनी येणारा पाहुणा. स्प्लीन, लिव्हर, लंग, जिथे रक्त जास्त तिथे तपकिरी-काळे बारीक कण पेशींच्या वर सांडल्यासारखे दिसतात. कोणीतरी उत्साहाने 'पिगमेंट डिपॉझिशन, हाय डोस' लिहून मोकळं होतं. बहुतेक वेळा हा फॉर्मॅलिन पिगमेंट असतो, म्हणजे फॉर्मॅलिन आम्लयुक्त झालंय, पीएच ६ च्या खाली उतरलाय आणि हिमोग्लोबिनबरोबर मिळून हिमॅटिनचे खडे तयार झालेत. पोलराइज्ड लाइटमध्ये ते चमकतात. पर्ल्सच्या (लोह दाखवणाऱ्या) स्टेनला निळे होत नाहीत, हिमोसिडरिन (शरीरात खरोखर साठलेलं लोहाचं पिगमेंट) मात्र निळं होतं, संपला वाद. आधीच कापलेल्या सेक्शनमधून घालवायचे असतील तर स्टेन करण्याआधी अल्कोहोलमधल्या सॅच्युरेटेड पिक्रिक अॅसिडमध्ये ठेवून नीट धुवा, फक्त पिक्रिक अॅसिड कोरडं पडू देऊ नका कारण वाळलेलं ते स्फोटक असतं, बाटलीच्या तोंडाशी जमलेले खडे तर अजिबात घासू नका.

मुळावरचा उपाय म्हणजे बफर. एक लिटरसाठी १०० मिलिलिटर बाजारातलं फॉर्मॅलिन, ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि साडेसहा ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बाटलीवर बनवल्याची तारीख टाका आणि वापरायच्या दिवशी पीएच बघा, ७ च्या आसपास हवा. 'गेल्या वर्षी कोणीतरी बनवलेलं आहे ना' असं फॉर्मॅलिन वापरून पाच मिनिटं वाचतात आणि पुढचा आठवडा ठिपके मोजण्यात जातो.

टेस्टिस आणि ब्रेन, दोन वेगळी दुखणी

टेस्टिस साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला की आवळतो, ट्यूब्यूलमध्ये फटी पडतात, जर्म सेल (शुक्राणू बनवणाऱ्या पेशी) सुटून मधे गोळा होतात आणि वाचणारा 'जर्म सेल स्लफिंग' लिहितो. मॉडिफाइड डेव्हिडसन हे फिक्सेटिव्ह वापरा, १०० मिलिलिटरला ३० फॉर्मॅलिन, १५ इथेनॉल, ५ ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणि ५० पाणी, त्यात चोवीस तास ठेवून मग बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये. पण जे वापराल ते सगळ्या ग्रुपना एकच. आमचं डेव्हिडसन एकदा शेवटच्या पाच प्राण्यांना पुरलं नाही, ते पाच फॉर्मॅलिनमध्ये गेले आणि ते पाचही अर्थातच हाय डोसचे होते. ती टेस्टिसची स्लाइड आजही कोणी काढली की मी खोलीतून बाहेर जाते.

ब्रेनमध्ये डार्क न्यूरॉन. आक्रसलेले, गडद निळे-जांभळे, स्क्रूसारखे पिळलेले डेंड्राइट, आजूबाजूला काहीही प्रतिक्रिया नाही. हे बहुतेक वेळा फिक्स न झालेला मेंदू घाईने काढताना दाबला गेल्यामुळे होतं. खरा मेलेला न्यूरॉन लालसर गुलाबी होतो, गडद निळा नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. जमत असेल तर परफ्युजन (रक्तवाहिन्यांतून फिक्सेटिव्ह सोडणं) करा आणि नंतरही मेंदू कवटीत काही तास राहू द्या, लगेच चिमट्याने उचकटू नका. व्हाइट मॅटरमध्ये भोकंच भोकं दिसली तर आधी प्रोसेसर (टिश्यूतलं पाणी काढून मेण भरणारं मशीन) कधी लावला ते विचारा. शुक्रवारी कॅसेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकून सोमवारी पुढे नेल्या असतील तर ती भोकं तिथली असू शकतात.

मायक्रोटोमचं (सेक्शन कापायच्या यंत्राचं) थोडक्यात, कारण यावर सगळीकडे लिहिलेलं आहे. सेक्शनवर खिडकीच्या पट्ट्यांसारख्या समांतर रेषा येत असतील तर ब्लेड आणि ब्लॉकचे स्क्रू घट्ट करा, ब्लेडचा अँगल बघा. रेषा फक्त टिश्यूच्या कडेला आणि अगदी बारीक असतील तर टिश्यू जास्त कोरडा पडलाय, मोठ्या तुकड्यांसाठी केलेलं लांबलचक शेड्यूल उंदराच्या एवढ्याशा ऑर्गनला वापरलं की हे होतं, त्यांच्यासाठी वेगळं, छोटं शेड्यूल ठेवा. ब्लॉक ओल्या बर्फावर ठेवून थोडा भिजला की तेवढ्यापुरतं भागतं. लिव्हरमध्ये उंदरांनी कुरतडल्यासारखी भोकं म्हणजे ब्लॉक जाडजाड कापत समोर आणला आणि लगेच सेक्शन घेतला, आधी आठदहा पातळ सेक्शन फुकट घालवा.

सगळंच आपल्या हाताने होतं असंही नाही. प्राणी स्वतःबरोबर काही गोष्टी घेऊन येतो. वय वाढेल तसं रॅटच्या किडनीत, नरांमध्ये जास्त, निळसर ट्यूब्यूल, जाड बेसमेंट मेम्ब्रेन, हायलाइन कास्ट असं सगळं आपोआप येतं, क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपथी. नर रॅटच्या किडनीतले अल्फा-२-यू-ग्लोब्युलिन या प्रथिनाचे थेंब हा तर नर रॅटचाच खास प्रकार. माईसच्या स्प्लीनमध्ये रक्त तयार होताना दिसलं तर ते नॉर्मल आहे. माईसच्या काही स्ट्रेनमध्ये (जातींमध्ये), उदाहरणार्थ सी३एचमध्ये, रेटिना जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआपच नष्ट होतो, त्यांच्या डोळ्यावर औषधाचा इफेक्ट शोधणं म्हणजे... असो. म्हणून कंट्रोलच्या स्लाइड नुसत्या चाळून बाजूला ठेवू नका, हाय डोसइतक्याच वेळ देऊन बघा. आणि शंका असलेला ऑर्गन दुसऱ्यांदा वाचताना ग्रुपचं नाव झाकून वाचा, पहिल्या वाचनात ग्रुप माहीत असला तर चालतो, उलट काय शोधायचं ते कळतं, पण ग्रेड ठरवताना तो माहीत नको.

शेवटच्या स्टडीत आम्ही हे सगळं पाळलं, फिरता क्रम, एका वेळी एकच प्राणी, वेळ मिनिटांत, एकच लोब. लिव्हरच्या स्लाइड पुन्हा घड्याळाप्रमाणे लावल्या. सकाळच्या फिकट, दुपारच्या दाट, चारही ग्रुपमध्ये सारखंच, म्हणजे अपेक्षेप्रमाणे. पण हाय डोसच्या सहाही स्लाइडमध्ये सेंट्रल व्हेनभोवतीच्या पेशी मोठ्या होत्या, साइटोप्लाझम काचेसारखं गुलाबी, ग्लायकोजेनसारखं विरळ नाही, आणि हे सव्वानऊच्या प्राण्यात होतं तसंच सव्वाचारच्या प्राण्यातही होतं. लिव्हरचं वजनही त्याच सहा जणांचं वाढलेलं. मॅडमनी नावं झाकून परत वाचल्या, सहाच्या सहा वेगळ्या काढल्या. आता मिड डोसचे ब्लॉक परत कापायला घेतलेत, दोनच प्राण्यांत व्हेनला लागून एखादी रांग मोठी वाटतेय, ती खरी आहे की मला आता सगळीकडे तेच दिसायला लागलंय ते पीएएस झाल्यावर कळेल.